रक्त पातळ न करणारं हेपारिन

१९१६ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जे मॅक्लीन हा वैद्यकीय विद्यार्थी रक्त गोठवणारा पदार्थ शोधत होता. हाती लागला तो नेमका उलट्या गुणाचा, कुत्र्याच्या यकृतातला. तेच हेपारिन, रक्त पातळ करणारं औषध. कर्करोग आणि रक्ताच्या गुठळ्यांचं नातं मात्र त्याहून जुनं: पॅरिसच्या आर्मां त्रूसो यांनी ते १८६५ मध्येच मांडलं होतं. दोन वर्षांनी स्वतःच्या शिरेत गुठळी दिसताच आपल्याला कर्करोग असल्याचं त्यांनी ओळखलं, आणि ते जठराच्या कर्करोगानेच गेले.

खरी कलाटणी १९८३ ची. हार्वर्डचे ज्यूडा फोकमन यांच्या गटाने उंदरांना हेपारिन आणि कॉर्टिझोन हे संप्रेरक एकत्र दिलं, तेव्हा कर्करोगाच्या गाठीला रसद पुरवणाऱ्या नव्या रक्तवाहिन्या फुटायच्या थांबल्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, गोठण्यावर काहीच परिणाम न करणारा हेपारिनचा छोटा तुकडाही हे काम करत होता. म्हणजे रक्त पातळ करणं आणि गाठ रोखणं हे दोन गुण वेगळे काढता येणार होते.

ते का हवं, हे उघड आहे: गाठ रोखायला लागेल तेवढं साधं हेपारिन दिलं, तर रुग्णाला रक्तस्रावाचा धोका. शिवाय हेपारिन करतं तरी किती! पेशींभोवतालचं जाळं कापून कर्करोगाला वाट करून देणारं हेपारनेज हे विकर ते अडवतं आणि पी-सिलेक्टिन या चिकटवणाऱ्या प्रथिनाला अडवून बिंबिकांना (प्लेटलेट्सना) गाठीच्या पेशींना चिकटू देत नाही.

मिलानच्या रोन्झोनी संस्थेतल्या रसायनशास्त्रज्ञांनी यावर फार नेटकी युक्ती वापरली. हेपारिन म्हणजे शर्करांची लांब साखळी. तिच्यातल्या युरोनिक आम्ल या शर्करेच्या सल्फेट नसलेल्या कड्यांतला दुसऱ्या आणि तिसऱ्या कार्बनमधला बंध परआयोडेट या रसायनाने तोडायचा. अँटिथ्रॉम्बिन या रक्त गोठणं रोखणाऱ्या प्रथिनाला पकडणाऱ्या पाच शर्करांच्या तुकड्यात असं एक कडं असतंच. ते फुटलं की रक्त पातळ करण्याची ताकद जवळपास संपते. साखळी मात्र अधिक लवचिक होते आणि हेपारनेजला चांगली चिकटते. रोनेपारस्टॅट हे औषध यातूनच आलं. त्यात नायट्रोजनवरच्या सल्फेटच्या जागी अ‍ॅसिटिल गट बसवले आहेत.

प्राण्यांमधले निकाल उमेद देणारे. माणसांत गाडी अडते. नेकुपारानिब या अशाच बदललेल्या हेपारिनची स्वादुपिंडाच्या कर्करोगातली चाचणी २०१६ मध्ये थांबवावी लागली, फायदा दिसण्याची चिन्हं नव्हती म्हणून. त्याच वर्षी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या २,२०२ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला: डाल्टेपारिन हे कमी रेणुभाराचं, पण रक्त पातळ करणारं हेपारिन देऊनही आयुष्य वाढलं नाही. गुठळ्या तेवढ्या कमी झाल्या.