इंग्लिशच्या पोरांना रिसर्चचे पैसे कुठून आले?

अमेरिकेत आता बऱ्याच कॉलेजांत इंग्लिश घेऊन बीए करणाऱ्या पोरांना उन्हाळ्यात कथा लिहायला नाहीतर एखाद्या अर्काइव्हमधली जुनी पत्रं वाचायला पैसे मिळतात. भारीच आहे, पण ही सोय मुळात त्यांच्यासाठी नव्हतीच, ती आली लॅबमधून.

१९६९ ला एमआयटीत मार्गारेट मॅकव्हिकर यांनी युरॉप (UROP) नावाचा प्रोग्राम सुरू केला, म्हणजे पदवीच्याच पोरांनी प्रोफेसरांच्या खऱ्या रिसर्चमध्ये काम करायचं आणि त्याचं अभ्यासक्रमातलं क्रेडिट किंवा पैसे घ्यायचे. मग १९७८ ला कौन्सिल ऑन अंडरग्रॅज्युएट रिसर्च ही पदवीच्या पोरांच्या रिसर्चसाठीची संघटना निघाली, तीही केमिस्ट्रीच्या प्राध्यापकांनी काढलेली. १९८७ ला नॅशनल सायन्स फाउंडेशनने पदवीच्या रिसर्चसाठी आरईयू प्रोग्राम काढला, नावातच सायन्स, त्यामुळे साहित्यवाले बाहेरच! त्याच वर्षी अमेरिकेतल्याच अ‍ॅशव्हिल गावी पदवीच्या रिसर्चची पहिली राष्ट्रीय परिषद भरली, ती मात्र सगळ्या विषयांना खुली होती. पुढच्या वर्षी मेलन फाउंडेशन या देणगी देणाऱ्या संस्थेची फेलोशिप आली, अल्पसंख्याक पोरांनी पीएचडी करून प्राध्यापक व्हावं म्हणून, त्यात मानव्यशास्त्रांवर भर होता. आणि १९९८ च्या बॉयर कमिशनच्या (पदवीच्या शिक्षणावरच्या समितीच्या) रिपोर्टने तर पहिल्या वर्षापासूनच शोध घेत शिकवा असं मोठ्या रिसर्च युनिव्हर्सिट्यांना सुनावलं.

खरी अडचण वेगळीच होती. केमिस्ट्रीच्या सरांना ग्रँट मिळाली की त्यातच एका पोराचे पैसे बसवता येतात, इंग्लिशचे सर मात्र एकटेच वाचत लिहीत बसतात, त्यांच्या हाताखाली पोरगा करणार काय? म्हणून इथे प्रोजेक्ट बहुतेक पोराचा स्वतःचाच असतो, आणि पैसे बऱ्याचदा माजी विद्यार्थ्यांनी डिपार्टमेंटला दिलेल्या देणगीच्या व्याजातून येतात. रक्कम मोठी नसते, प्रवास, झेरॉक्स, राहणं यात संपते. पण माझ्या मते खरी गरज असते ती सुट्टीतली नोकरी न करता बसून लिहिता येण्याची, आणि नेमकं तेच कमिटीला पटवणं अवघड, कारण बिल कसलं लावणार?

कौन्सिलने पदवीच्या रिसर्चच्या व्याख्येत ‘बौद्धिक किंवा सर्जनशील’ योगदान असे शब्द घातले तेव्हा कुठे कवितेला रिसर्चच्या रांगेत उभं राहता आलं. तरी अजून कित्येक अर्जांत मेथडॉलॉजीचा, म्हणजे रिसर्च कुठल्या पद्धतीने करणार याचा, रकाना असतोच, आता कादंबरी लिहिणाऱ्याने तिथे काय भरायचं सांगा.