खोल पाण्यात गरवायला येताय? आधी हे वाचा
(मालवणहून निघणाऱ्या, गळाने मासे पकडायच्या अर्ध्या दिवसाच्या फेरीसाठी)

आधी तारीख. सुट्टी शनिवार-रविवार बघून ठरते, मासे मात्र तिथीवर. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं आणि पाण्याला ओढ जबर असते. मग 200 ग्रॅमचं शिसंही तळाला ठरत नाही, तंगूस (गळाची नायलॉन दोरी) तिरपा वाहत जातो आणि चार जणांच्या दोऱ्यांचा एकच गुंता होतो. तांबोशी, गोबरा असे तळाचे मासे हवे असतील तर अष्टमीच्या पुढेमागे भांगाचे दिवस (भरती-ओहोटीचा जोर कमी असतो ते) धरा. सुरमईला वाहतं पाणी चालतं. कोणता मासा हवा ते बुकिंग करतानाच सांगा. ऑक्टोबर ते मार्च हा चांगला हंगाम. 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी असते, तेव्हा विचारूही नका.

निघायचं पहाटे साडेपाचला. सकाळी मतलई (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा) असते, पाणी निवांत. बारानंतर वायव्येचा खारा वारा उठला की होडी नाचायला लागते. एकपर्यंत परत यायचं ते म्हणून. पंधरा-वीस किलोमीटर आत जातो, तिथे खोली साधारण 25 ते 35 मीटर. कोकणचा समुद्रतळ सावकाश उतरतो, त्यामुळे शेकडो मीटर खोलीची अपेक्षा ठेवू नका. आंग्रिया बँकेची (समुद्रात बुडालेल्या प्रवाळ पठाराची) चौकशी बरेच जण करतात. ती विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरहून लांब आहे, अर्ध्या दिवसाचं काम नव्हे.

रॉड, रीळ, गळ, आमिष आमचं. तळासाठी 15 किलो ताण सोसणारा तंगूस, 5/0 ते 7/0 मापाचे गळ आणि ओढ बघून 150 ते 250 ग्रॅम शिसं. आमिषाला माकूल (स्क्विड) किंवा ताज्या बांगड्याची फाक. माकूल चिवट असतं, बारके मासे ते गळावरून सहज ओढून नेत नाहीत.

शिसं तळाला टेकलं की दोरी एकदम सैल पडते. लगेच रीळचे दोन-तीन फेरे गुंडाळून आमिष तळापासून हातभर वर घ्या, नाहीतर गळ खडकात अडकलाच म्हणून समजा. बारीक टकटक म्हणजे छोटे मासे, तिकडे लक्ष देऊ नका. रॉड वाकून खाली जायला लागला की उचला आणि पहिले दोन-तीन मीटर न थांबता वर घ्या. इथेच बहुतेकांचा मासा जातो: फोटोसाठी क्षणभर थांबतात, तेवढ्यात गोबरा कपारीत शिरतो, मग तंगूस तुटतो. रीळचा ड्रॅग (किती ताणाला दोरी सुटू लागेल ते ठरवणारा ब्रेक) आम्ही 4 ते 5 किलोवर लावून देतो. तो पिळून घट्ट करू नका; मोठ्या माशाचा झटका दोरीवर येतो आणि नेमकी गाठ सुटते.

सुरमईसाठी होडी 5 ते 7 नॉट वेगाने चालवत मागे नकली मासा ओढतो. तिचे दात तंगूस ब्लेडसारखा कापतात, म्हणून गळाआधी हातभर स्टीलची तार असते. मासा लागला की बाकीच्यांनी आपापल्या दोऱ्या गुंडाळायच्या.

शिंगाळा किंवा पाकट वर आला तर हात लावू नका, खलाशी काढेल. काटा टोचलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवायचा. थर्मासमध्ये पाणी असतंच. किनाऱ्यावर आल्यावर डॉक्टरांना दाखवा.

मळमळ कोणालाही होते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, निघण्याच्या तासभर आधी. मळमळायला लागल्यावर उपयोग होत नाही. उपाशी येऊ नका, रात्रीचं जागरण आणि दारू टाळा. होडीच्या मधोमध बसा, डिझेलच्या धुरापासून दूर, नजर क्षितिजावर. मोबाइलमध्ये डोकं घातलंत तर आम्ही काही करू शकत नाही. लाइफ जॅकेट मात्र बंदरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत अंगावर. मूळ आधार कार्ड सोबत हवं.

खोलातून वर ओढलेल्या तांबोशीची हवेची पिशवी फुगते, कधी पोट तोंडातून बाहेर येतं. नुसतं पाण्यात सोडलं तर ती बहुधा जगत नाही. म्हणून घरी लागतील तेवढे मासे मिळाले की तळाचं गरवणं थांबवतो.

किलोभर माशाला किलोभर बर्फ लागतो, तो भाड्यात धरलेला आहे. सुरमई, कुपा (ट्यूना) उन्हात पडून राहिले तर मांसात हिस्टामीन तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर अंगावर लाल चट्टे येतात, डोकं ठणकतं. म्हणून आधी बर्फ, मग फोटो. साफ करून हवे असतील तर जेटीवर करून देतो. पुण्या-मुंबईला नेणाऱ्यांनी घट्ट झाकणाची बर्फपेटी आणावी. थर्माकोलचा खोका घाट चढेपर्यंत गळायला लागतो.