हजेरी म्हणजे उपकथानक नव्हे

दर मे महिन्यात कुडाळला आम्ही मुलांसाठी कॉमिक्सचं शिबिर घेतो आणि दरवर्षी तीच संहिता नव्या नावानं हातात पडते. सात सुपरहीरो, कुणी देवगडचा, कुणी हर्णैची, कुणी विजयदुर्गचा. वीस पानांच्या अंकात प्रत्येकाला अडीच-तीन पानं. विचारलं की उत्तर ठरलेलं, "सर, सगळ्यांना उपकथानक दिलंय." दिलेली असते ती हजेरी.

हजेरी म्हणजे काय, हे दशावतार बघत वाढलेल्याला समजावायला नको. आडदशावतारात, म्हणजे मुख्य कथेआधीच्या भागात, गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, संकासूर येऊन जातो, मग आख्यान, म्हणजे मुख्य कथा, लागतं. ती रीत आहे आणि देवळापुढे ती शोभते.

उपकथानक पुढे सरकतं, सगळा फरक इथे आहे. त्याला स्वतःचा प्रश्न असतो, तो अंकागणिक बिकट होतो आणि एक दिवस मुख्य कथेची जागा घेतो. 'लीजन ऑफ सुपर-हीरोज' या अमेरिकन कॉमिकमध्ये नायकांची ही गर्दी, म्हणून त्याचे लेखक पॉल लेविट्झ तक्ताच मांडत: एक धागा मोठा, एक मधला, एक नुसता डोकावणारा. मोठा संपला की मधला वर चढायचा आणि तळाशी नवा यायचा. 'न्यू टीन टायटन्स' या दुसऱ्या अमेरिकन कॉमिकमधली टेरा घ्या. 1982च्या अखेरीस आली, पुढे संघात शिरली. ती शत्रूची माणूस आहे हे वाचकाला नायकांच्या आधी कळतं. तिथून तिचं साधं हसणंही पोटात गोळा आणतं. 1984मध्ये तिचा धागा मुख्य कथा होऊन फुटला.

आता आमची हर्णैची नायिका. तीन पानांत ती मासळीच्या लिलावात चोर पकडते, शक्ती दाखवते, निघून जाते. पानं फाडून टाका, कुणाचं काही अडत नाही. त्याऐवजी दोनच चौकटी द्या: लिलावाचा पुकारा तिला ऐकू येत नाही, ती ओठ बघून मान डोलावते. पुढच्या अंकात देवगडच्या गड्याची हाक तिच्यापर्यंत पोचत नाही आणि त्याचा हात भाजतो. तिसऱ्यात एकाला सगळं कळतं, तरी तो गप्प राहतो. यापुढे संघ तिच्या कानांवर विसंबला की वाचकाचा जीव वरखाली होणारच.

प्रत्येकानं आल्या आल्या आपल्या शक्तीचं नाव ओरडायचं, ही सवय तर मी संहितेतून लाल शाईनं काढतो. तीनपेक्षा जास्त धागे एका वेळी नकोत. सातांपैकी दोघं-तिघं अख्ख्या अंकात दिसले नाहीत तरी चालतं. आख्यानातही बाकड्यापाशी दोन-तीनच पात्रं असतात, नारद पडद्यामागे थांबलेला असतो आणि तो कुठे गेला म्हणून कुणी उठून विचारत नाही. फक्त तो आला की दोघांत कळ लावूनच गेला पाहिजे.