मधली भिंत: ब्रुक स्ट्रीटवरची दोन घरं

लंडनच्या मेफेअर भागात ब्रुक स्ट्रीटवर २३ आणि २५ नंबरची घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत. २५ मध्ये संगीतकार जॉर्ज फ्रिडरिक हँडेल १७२३ पासून १७५९ मध्ये मरेपर्यंत राहिला. २३ च्या वरच्या मजल्यावर १९६८-६९ मध्ये गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचं बिऱ्हाड होतं. या योगायोगामुळे जोडी गाजली. घरांकडे मात्र कोणी निरखून बघत नाही. बघण्यासारखं वरवर काही नाहीच म्हणा. विटांची सपाट भिंत, ओळीत बसवलेल्या उभ्या खिडक्या, वर कठडा. पण हा साधेपणा नुसत्या आवडीतून आलेला नाही. तो आगीच्या धास्तीतून आला आणि बिल्डरच्या हिशेबातून.

१६६६ च्या आगीत जुनं लाकडी लंडन जळालं. पुढच्याच वर्षी शहरात बाहेरच्या भिंती विटांच्या नाहीतर दगडाच्या करण्याची सक्ती झाली. १७०७ च्या कायद्याने छपराखालची लाकडी नक्षीदार पट्टी बंद केली, म्हणून दर्शनी भिंतच छपराच्या वर चढवून तिचा कठडा झाला. दोन घरांमधली सामाईक भिंतही छपराच्या वर काढायची, म्हणजे शेजारची आग उडी मारून आपल्याकडे येणार नाही. १७०९ मध्ये आणखी एक नियम आला: खिडकीची लाकडी चौकट भिंतीच्या पृष्ठभागापासून चार इंच आत बसवायची. उद्देश आगीपासून बचाव एवढाच. पण त्या चार इंचांमुळे प्रत्येक खिडकीभोवती सावलीची एक बारीक चौकट पडते, आणि माझ्या मते जॉर्जियन भिंतीची निम्मी शोभा त्या सावलीतच आहे.

‘जॉर्जियन’ हे नाव १७१४ ते १८३० या काळात ओळीने गादीवर बसलेल्या चार जॉर्ज राजांवरून पडलं. पहिला जॉर्ज जर्मनीतल्या हॅनोव्हरचा, आणि हँडेल तिथे त्याच्या पदरी नोकरीला होता.

आता हिशेब. जमीनमालक जमीन विकत नसे, लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने देई. बांधकाम चालू असताना बिल्डरकडून नाममात्र भाडं, कागदोपत्री चक्क मिरीचा एक दाणा. पूर्ण भाडं सुरू होण्याआधी घर उभं करून खपवायचं, म्हणून रस्त्याकडेची बाजू अरुंद ठेवून जितकी घरं मावतील तितकी बसवायची आणि वाढायचं ते वर आणि मागे. आपल्या चाळीत बिऱ्हाडं एका मजल्यावर शेजारीशेजारी असतात. इथे एका घराला तळघरापासून माळ्यापर्यंतची एक उभी फाक मिळते. २५ नंबरमध्ये प्रत्येक मजल्यावर पुढे मोठी खोली, मागे लहान, बाजूला जिना. पहिल्या मजल्यावरच्या पुढच्या खोलीत हँडेल तालमी घेई. मागच्या लहान खोलीत बसून तो संगीत लिही. ‘मसाया’ हे गायक-वादकांसाठीचं मोठं धार्मिक संगीत त्याने १७४१ मध्ये २४ दिवसांत लिहून काढलं, ते याच घरात. वरच्या मजल्यावर निजायची खोली.

हे घर त्याच्या मालकीचं कधीच नव्हतं. आधी परदेशी म्हणून त्याला ते घेता येत नव्हतं. १७२७ मध्ये तो ब्रिटिश प्रजाजन झाला, तरीही तो भाडेकरूच राहिला.

पुढे माळ्याचा पूर्ण मजला झाला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खाली दुकान आलं आणि त्यात आतलं बरंच काही गेलं. आज दिसणाऱ्या खोल्या म्हणजे जीर्णोद्धार आहे. त्यासाठी हँडेलच्या मृत्यूनंतर झालेली सामानाची यादी कामी आली. किरमिजी पडद्यांचा पलंग त्या यादीवरूनच परत उभा केला.

हेंड्रिक्स आला तेव्हा २३ नंबरमध्ये खाली रेस्टॉरंट होतं. शेजारी कोण राहत होता हे कळल्यावर त्याने हँडेलच्या रेकॉर्डी विकत आणल्या.

२००१ मध्ये हँडेलच्या घराचं संग्रहालय झालं. हेंड्रिक्सची खोली लोकांसाठी कायमची खुली झाली ती २०१६ मध्ये. तोवर तिथे संग्रहालयाचंच ऑफिस चालत होतं.