पंगत, मांडव आणि राक्षस: फँटसीतल्या जल्लोषामागची जुनी कहाणी

वाशीला ज्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे त्या विष्णुदास भाव्यांनी ५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीत पटवर्धन संस्थानिकांसमोर जो पहिला खेळ केला त्याचं नाव होतं 'सीता स्वयंवर'. म्हणजे मराठी रंगभूमीचा नारळ एका लग्नाने फुटलाय. तो दिवस आपण रंगभूमी दिन म्हणून दरवर्षी साजरा करतो पण विषयाकडे कोणाचं लक्ष जात नाही, हाताशी अख्खं रामायण असताना माणसाने पहिल्यांदा काय उचललं तर धनुष्य, मांडव आणि वरमाला. राक्षस पण होतेच म्हणा त्या नाटकांत, 'अलल डुर्र' असं ओरडत धिंगाणा घालत यायचे, त्यावरून पुढे लोक चेष्टेने त्यांना अललडुर्र नाटकंच म्हणायला लागले.

आता हे काढायचं कारण काय तर आमच्या ठाण्याच्या कट्ट्यावर एक वाद कायम चालू असतो. फँटसी पुस्तकात किंवा सिरीजमध्ये पार्टी, जत्रा, लग्न, मेजवानी आली की अर्धी पोरं म्हणतात हा फिलर आहे, पुढे ढकल, ड्रॅगन दाखव. आणि गंमत म्हणजे वर्षभराने तीच पोरं लढाईचा नकाशा विसरलेली असतात पण पार्टीत कोण काय खात होतं ते त्यांना पाठ असतं. असं का होतं ते कळायला जरा मागे जायला लागतं, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की जल्लोषाचा सीन गोष्टीत नंतर घुसवलेला नाहीये, आधी जल्लोष होता आणि त्यात बसून गोष्ट सांगितली गेली.

बघा ना. महाभारत वैशंपायनांनी सांगितलं ते जनमेजयाच्या सर्पसत्रात, नंतर तेच उग्रश्रव्याने परत सांगितलं नैमिषारण्यात शौनकांच्या बारा वर्षं चालणाऱ्या सत्रात, म्हणजे दोन्ही वेळेला ऐकायला जमलेली गर्दी, यज्ञ, येणारेजाणारे. लव-कुशांनी रामायण गायलं ते रामाच्याच अश्वमेधात. तिकडे ग्रीकांचा ओडिसियस, एकडोळ्या राक्षस, माणसांची डुकरं करणारी जादूगारीण वगैरे जे फँटसीचं सगळं मटेरियल आहे ते तो स्वतः सांगतो आणि कुठे सांगतो तर राजाकडच्या मेजवानीत, जेवणं उरकल्यावर. ऐकणारे भरल्या पोटाने बसलेत आणि गोष्टीतले पण कुठेतरी बसलेत, त्यामुळे गोष्टीत पंगत आली की ऐकणाऱ्याला आपलंच नाव घेतल्यासारखं होत असणार.

आपल्याकडे याचा सगळ्यात भारी पुरावा नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात आहे. जगातलं पहिलं नाटक झालं ते इंद्राच्या ध्वजाच्या उत्सवात, आणि नाटकात दाखवलं काय तर देवांनी दैत्यांना कसं हरवलं. आता प्रेक्षकांत दैत्य पण बसलेले, ते भडकले, विघ्नं घेऊन आले आणि नटांची वाचा, हालचाल, पाठांतर सगळं जाम करून टाकलं. मग इंद्राने तोच ध्वजाचा दांडा उचलला आणि त्यांना झोडपून काढलं, तो दांडा म्हणजे जर्जर, पुढे रंगभूमीचं रक्षण करणारा म्हणून त्याची पूजा सुरू झाली. आणि या राड्यानंतरच ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याला सांगितलं की बाबा आता नीट बंदिस्त नाट्यगृह बांध. म्हणजे सण, फँटसी आणि सणात राडा घालणारे, हे त्रिकूट पहिल्या प्रयोगापासून एकत्रच आहे. महाभारताच्या आदिपर्वात उपरिचर वसू राजाची कथा येते, इंद्राने त्याला वेळूची काठी दिली आणि त्याने ती जमिनीत रोवून पुजली, मग राजेलोक तशी काठी वस्त्रं आणि माळा घालून उभारायला लागले. आपल्या गुढीचा धागा काही अभ्यासक तिथपर्यंत नेतात. पाडव्याला सकाळी कौपिनेश्वर मंदिरापासून स्वागतयात्रा निघते, ढोलताशे, नऊवारीतल्या बुलेटवाल्या मुली, तलावपाळीला पाय ठेवायला जागा नाही आणि शेजारीच गडकरी रंगायतन, ते सगळं बघताना मला दरवेळी तो दांडा आठवतो, बाकीचे सेल्फी काढत असतात.

मराठीपुरतं बोलायचं तर आपण त्याहून थेट आहोत. १३ व्या शतकातली महानुभाव पंथातली महदंबा, मराठीतली आद्य कवयित्री म्हणतो आपण जिला, तिची मुख्य रचना म्हणजे धवळे, म्हणजेच लग्नातली गाणी, आणि त्यात कृष्ण-रुक्मिणीचा विवाह. मग १६ व्या शतकात एकनाथांनी रुक्मिणी स्वयंवर लिहिलं, त्याची पारायणं लग्न जमावं म्हणून मुलींनी करायची प्रथा अगदी आपल्या आज्यांपर्यंत चालत आली. म्हणजे फँटसी वाचून खरं लग्न जमवायचं, याच्यापुढे कुठल्या फॅनक्लबचं काय घेऊन बसलात. आणि ही परंपरा पोथीत अडकलीय असंही नाही, नवी मुंबईत सिडकोने ९५ गावांच्या जमिनींवर सेक्टर आणि नोड उभे केले तरी घणसोली, करावे, दिवाळे अशा गावठाणांत आगरी-कोळी लग्नात धवलारीण येते आणि मांडवात देवांना बोलावणारी गाणी म्हणते. हळदीला डीजे लागतो तो भाग वेगळा, त्यावर मी बोलणार नाही, मला त्या रस्त्याने रात्री घरी यायचं असतं.

पण नुसता आनंद असला तर सीन टिकत नाही हेही जुन्या लोकांना बरोबर माहीत होतं. रुक्मिणीचंच घ्या, तिचं लग्न ठरलेलं शिशुपालाशी, मांडव पण त्याच्यासाठीच घातलेला, आणि कृष्ण तिला अंबिकेच्या देवळातून पळवून नेतो. तो हात हलवत परत गेलेला नवरदेव पुढे कुठे उगवतो? इंद्रप्रस्थात, युधिष्ठिराच्या राजसूयात, दुसऱ्या एका भल्यामोठ्या सोहळ्यात, आणि तिथे अग्रपूजेचा मान कृष्णाला मिळाला म्हणून शिव्या घालत सुटतो आणि मरतो. त्याच सोहळ्यासाठी आलेला दुर्योधन मयसभेत पाण्यात पडून हसं करून घेतो आणि पुढचा द्यूत, वनवास, युद्ध सगळं तिथून सुरू होतं. म्हणजे महाभारतातली लढाई पंगतीतच ठरलेली आहे, कुरुक्षेत्रावर फक्त पार पडली. इंग्रजीतलं जुनं काव्य बेओवुल्फ, त्याची हस्तलिखित प्रत साधारण हजार वर्षं जुनी, त्यात ग्रेंडेल राक्षस का चवताळतो तर राजाच्या दिवाणखान्यातून रोज रात्री हसणं, वीणेसारखं वाद्य आणि गाणं ऐकू येतं म्हणून. त्याला सोनं नको, राज्य नको, त्याला तो आवाज सहन होत नाही. सोसायटीत असा एक असतोच.

आणि मग प्रश्न येतो बोलावलं कोणाला. दक्षाने यज्ञाला शंकराला बोलावलं नाही आणि सतीचं पुढे काय झालं ते आपल्याला माहीतच आहे. ग्रीकांकडे लग्नाला न बोलावलेली कलहाची देवी सोन्याचं सफरचंद टाकते आणि ते प्रकरण ट्रॉयच्या युद्धावर जातं. ग्रिम बंधूंच्या झोपलेल्या राजकन्येच्या गोष्टीत कारण तर फारच घरगुती आहे, राज्यात शहाण्या बाया १३ आणि राजाकडे सोन्याची ताटं १२. पण या सगळ्यांत मला सर्वात जास्त लागते ती आपली श्रावणातली शुक्रवारची कहाणी. भाऊ सहस्रभोजन घालतो, गावाला बोलावतो, गरीब बहिणीला नाही. ती बिचारी विसरला असेल म्हणून पोरांना घेऊन जाऊन पंगतीत बसते आणि तो तिला हाकलतो. मग दिवस पालटतात, बहीण श्रीमंत होते, भाऊ मानाने जेवायला बोलावतो आणि ती अंगावरचे दागिने काढून पाटावर मांडते आणि एकेक पदार्थ त्यांनाच वाढते, तू ज्यांना बोलावलंस ते जेवतायत म्हणून. राक्षस नाही, तलवार नाही, आणि तरी यापेक्षा कडक मेजवानीचा सीन मी कुठल्याही जाडजूड फँटसीत वाचला नाहीये.

याच्या मागचं खरं इंजिन म्हणजे भूक. ज्यांच्याकडे काही नाही त्यांच्या गोष्टीत ताट कधी संपत नाही. द्रौपदीची थाळी राजवाड्यात मिळालेली नाही, वनवासात मिळालीय. ग्रिमच्या गोष्टीत 'मांड' म्हटलं की जेवण मांडणारं टेबल आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणलेल्या अरबी गोष्टींच्या भांडारात बगदादच्या बर्मकी घराण्यातला एक श्रीमंत आहे, तो भुकेल्या माणसाला जेवायला बसवतो आणि रिकाम्या ताटांतून पक्वान्नं वाढल्याचं नाटक करतो, आणि हा पठ्ठ्या पण वा वा करत हवा चावतो, शेवटी दारू चढल्याचं नाटक करून यजमानालाच एक लगावतो आणि मग कुठे खरं जेवण येतं. भाव्यांच्या खेळानंतर सहा-सात आठवड्यांतच, १९ डिसेंबर १८४३ ला, लंडनमध्ये डिकन्सची नाताळची भुताची गोष्ट छापून आली, त्यात भुतं चिकार आहेत पण लोकांना आठवतं ते गरीब कारकुनाच्या घरचं नाताळचं जेवण, एवढ्याशा हंसात सगळं कुटुंब कसं भागवतं ते.

हीच भूक विसाव्या शतकातल्या फँटसीला पण चिकटलेली आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर पण इंग्लंडमध्ये रेशनिंग बरीच वर्षं चालू होतं, गोड खाऊवरचं तर १९५३ च्या फेब्रुवारीपर्यंत. सी. एस. लुईसची नार्नियाची पहिली गोष्ट आली १९५० ला. त्यात चेटकिणीच्या राज्यात कायम हिवाळा आहे पण नाताळ कधीच येत नाही, आणि ती मुलाला फितवते कशाने तर मिठाईने. आपल्याला आज वाटतं मिठाईसाठी कोणी भावंडांना विकतं का, पण त्या वर्षी ते वाचणाऱ्या पोराला खाऊ कुपनावर मिळत होता, त्याला अजिबात आश्चर्य वाटलं नसणार. त्याच पुस्तकात चेटकिणीचा जोर ओसरायला लागून नाताळबाबा येऊन गेल्यावर खारी आणि बाकीचे प्राणी टेबल मांडून मेजवानी करत असतात आणि चेटकीण त्यांना जागच्या जागी दगड करून टाकते. आता मारामारी विसरेन मी, ते टेबल नाही विसरत.

टॉल्किनचं थोडं वेगळं आहे. त्याचं 'हॉबिट' हे पुस्तक हिट झाल्यावर प्रकाशकाने पुढचा भाग मागितला आणि त्याने डिसेंबर १९३७ मध्ये पहिलं प्रकरण लिहिलं, वाढदिवसाच्या पार्टीचं. तेव्हा ना युद्ध सुरू होतं ना त्याला पुढची गोष्ट माहीत होती, अंगठीचं खरं प्रकरण काय ते त्याला नंतर सापडलं, पण पार्टी आधीपासून पक्की. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' नावाने त्याचा पहिला भाग बाजारात आला २९ जुलै १९५४ ला आणि मांसावरचं शेवटचं रेशनिंग उठलं ४ जुलैला, म्हणजे १११ वर्षांच्या बिल्बोच्या वाढदिवसाला तंबूत खास जेवायला बसलेले १४४ पाहुणे, गँडाल्फ जादूगाराची आतषबाजी, हे सगळं वाचणाऱ्यांनी चौदा वर्षं कुपनं फाडलेली होती. त्याने १९३९ ला स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजला परीकथांवर व्याख्यान दिलेलं, त्यात म्हणणं साधारण असं की सगळं संपलं असं वाटत असताना अचानक मिळणारा आनंद हेच अशा गोष्टींचं सर्वात मोठं काम. मला ते पटतं, पण मी म्हणेन की त्या शेवटच्या आनंदाचं माप पहिल्या पार्टीतच घेतलेलं असतं, ती पार्टी काढून टाका आणि मग बघा शायर, म्हणजे हॉबिटांचा मुलूख, वाचवायला कोणाला एवढं पडलंय.

नंतरच्या लोकांनी हे माप उलटं पण वापरलं. 'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या जॉर्ज मार्टिनने २००० साली आलेल्या पुस्तकात लग्नाच्या मेजवानीत कत्तल घडवली, मागे स्कॉटलंडच्या इतिहासातली १४४० ची मेजवानी होती जिथे पाहुण्यांना बोलावून मारलं, आणि २०१३ मध्ये सिरीजमध्ये तो एपिसोड आला तेव्हा आमच्या ग्रुपवर दोन दिवस कोणी धड बोलत नव्हतं. तो धक्का चालतो कारण हजारो वर्षं मांडवात बसलेल्या माणसाला आपण सुरक्षित आहोत असंच शिकवलंय. स्टार वॉर्सवाल्यांनी तर १९८३ च्या सिनेमातल्या शेवटच्या जल्लोषातलं गाणंच १९९७ ला बदललं आणि इतर ग्रहांवरचा आनंद पण जोडला, त्यावर चाहते अजून भांडतात. फिलर असता तर कोण भांडलं असतं?

अलीकडे कोझी फँटसी नावाचा प्रकार आलाय, ट्रॅव्हिस बाल्ड्रीचं २०२२ चं कॉफीशॉप काढणाऱ्या ऑर्कचं पुस्तक त्यातलं गाजलेलं, लॉकडाऊननंतर लोकांना तेच हवं होतं, कळतं मला. फक्त त्यातल्या काही पुस्तकांत नुसतंच खाणंपिणं आहे, बाहेर कोणी ग्रेंडेल नाही, दारात उभी कोणी बहीण नाही, मग दुसऱ्या वाटीनंतर कंटाळा येतो. याबाबतीत १९५९ ला सुरू झालेलं अ‍ॅस्टेरिक्स हे फ्रेंच कॉमिक जास्त हुशार वाटतं. जवळपास प्रत्येक भागाचा शेवट गावजेवणाने, रानडुकरावर ताव, सगळे खूश, आणि गावचा गवई तेवढा तोंडात बोळा कोंबून झाडाला बांधलेला. ओडिसियसने मेजवानीत डुकराच्या पाठीचा उत्तम तुकडा कापून गवयालाच पाठवला होता.