हिवाळी रस्त्यांवरचं मीठ: खड्यांपासून मिठवणीपर्यंत
बर्फाळ रस्त्यावर वाळू नि कोळशाची राख टाकायची, ही अमेरिकेतली जुनी रीत. वाळूने बर्फ वितळत नाही. टायरला पकड मिळते आणि वर्दळीने वाळू कडेला उडाली की तीही जाते. मीठ लागायचं ते या वाळूचा ढीग गोठून दगड होऊ नये एवढ्यापुरतं. थेट रस्त्यावर मीठ पसरण्याचा प्रयोग न्यू हॅम्पशायर राज्याने १९३८ साली केला. १९४१-४२च्या हिवाळ्यात देशभरच्या महामार्गांवर सुमारे ५,००० टन मीठ पडलं. महायुद्धानंतर मोटारी वाढल्या, बर्फ पडला तरी डांबर दिसलंच पाहिजे असा दंडक झाला आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हा आकडा वर्षाला कोटी टनांच्या घरात गेला.

पॉट आईस्क्रीम फिरवलेल्यांना यातलं मर्म ठाऊक असतं: जाडं मीठ पडलं की बर्फाचं शून्याखालीही पाणी होतं. काम करते ती मिठवणी, म्हणजे मिठाचं पाणी; कोरडा खडा नव्हे. उणे १ अंशाला किलोभर मीठ साधारण ४६ किलो बर्फ वितळवतं, उणे ७ला जेमतेम साडेआठ. उणे १०च्या खाली खडे जवळपास पडूनच राहतात. तिथे महागडं कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड लागतं. तापमान मोजायचं तेही रस्त्याच्या पृष्ठभागाचं, हवेचं नाही. पुलाला खालूनही गार वारा लागतो, म्हणून तो आधी गोठतो.

एवढ्या मिठाचं पाणी जिरणार कुठे? मॅसॅच्युसेट्समधल्या बर्लिंग्टन गावच्या विहिरींत क्लोराइड (मिठातला विरघळलेला घटक) पिण्याच्या पाण्यासाठीची लिटरला २५० मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडून गेलं आणि १९७० मध्ये गावाने रस्त्यावर मीठ टाकणंच बंद केलं. पुलांचं दुखणं आतलं. क्लोराइड काँक्रीटमधून झिरपून सळईपर्यंत पोचतं, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि वरचं काँक्रीट फुटून निघतं. १९७३ मध्ये फिलाडेल्फियाजवळच्या एका पुलात इपॉक्सीचा (एका चिवट कृत्रिम राळेचा) लेप दिलेल्या सळया वापरल्या गेल्या, त्या यावर तोड म्हणून.

खरी काटकसर पुढे आली ती मीठ ओलं करून. कोरडे खडे उसळून कडेला जातात; जर्मनीत रुळलेल्या पद्धतीत ७० टक्के मीठ नि ३० टक्के मिठवणी पसरणाऱ्या गाडीच्या फिरत्या तबकडीवर एकत्र येतात आणि खडा पडल्या जागी चिकटतो. त्याहून चांगलं म्हणजे बर्फ पडण्याआधीच मिठवणी फवारणं, एका मार्गिकेच्या किलोमीटरला साधारण ५० ते ९० लिटर. पाणी उडून मिठाचा पापुद्रा राहतो, बर्फ डांबराला धरत नाही आणि बर्फ हटवणाऱ्या गाडीच्या पात्याने सहज उचलला जातो. हिमवृष्टीआधी पाऊस होणार असेल तर मात्र हा खटाटोप करू नये, सगळं धुऊन जातं.

मिठवणीचं प्रमाण २३.३ टक्के, म्हणजे लिटरभर पाण्याला सुमारे ३०० ग्रॅम मीठ. ती उणे २१ अंशांपर्यंत गोठत नाही. मीठ जास्त घातलं तर गोठणबिंदू उलट वर सरकतो आणि थंडीत स्फटिक धरून फवाऱ्याची तोंडं बुजतात. म्हणून टाकी भरताना घनतामापी बुडवून मिठाचं प्रमाण बघायचंच.