सोनोग्राफी यंत्रावरील निर्बंध आणि जनावरांचा दवाखाना : पार्श्वभूमी

ग्वाल्हेर-चंबळच्या पट्ट्यात सोनोग्राफीचा विषय निघाला की तो मुलींच्या घटत्या संख्येवर येतो, आणि ते योग्यच आहे. 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलांमागे मध्य प्रदेशात 918 मुली होत्या, तर ग्वाल्हेर जिल्ह्यात 840 आणि शेजारच्या मुरैन्यात 829. मात्र याच यंत्राची गरज या भागातील गोठ्यांनाही आहे. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी केलेल्या कायद्यामुळे पशुवैद्यकाला हे यंत्र घेणे आणि वापरणे अवघड झाले आहे. तो कायदा घडताना गोठा नजरेआड कसा राहिला, हे पाहिल्याशिवाय आजची अडचण उलगडत नाही.

यंत्राचा आरंभीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. धातूतील भेगा शोधण्यासाठी कारखान्यांत वापरले जाणारे ध्वनिलहरींचे तंत्र ग्लासगोच्या डॉक्टरांनी माणसाच्या पोटाकडे वळवले आणि 1958 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच सुमारास पाश्चात्त्य देशांत जनावरांच्या पाठीवरील चरबीची जाडी याच तंत्राने मोजली जाऊ लागली होती. 1980 च्या दशकात घोडी आणि गायी यांची गुदमार्गातून सोनोग्राफी होऊ लागली आणि पशुवैद्यकाला गर्भाशय प्रत्यक्ष पडद्यावर दिसू लागले.

म्हशीच्या बाबतीत याचे मोल मोठे आहे. हाताने केलेली गाभण तपासणी खात्रीची ठरायला साधारण दोन महिने जावे लागतात, तर सोनोग्राफीत ते महिन्याभरात कळते. म्हैस रिकामी राहिली असेल तर पुढच्या माजाची वाट वेळेवर पाहता येते आणि भाकड काळ लांबत नाही. दुसरे उदाहरण तारेचे. वैरणीबरोबर गिळलेला खिळा किंवा तारेचा तुकडा जाळीपोटात (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या चार कप्प्यांपैकी एकात) अडकतो आणि छाती व पोट यांच्यामधला पडदा भेदून हृदयापर्यंत पोहोचू शकतो. बाहेरून दिसते ते एवढेच, की दूध आटले, म्हैस कोपरे बाहेर काढून पाठ वाकवून उभी राहते आणि उतारावरून चालायला नाखूश असते. एक्स-रेमध्ये तार दिसते, पण मोठ्या म्हशीच्या छातीतून आरपार जाण्याइतकी ताकद हातातून नेता येणाऱ्या एक्स-रे यंत्रात बहुधा नसते. सोनोग्राफीत तार क्वचितच दिसते. तिच्याभोवती साचलेले पाणी, जाळीपोटाचे मंदावलेले आकुंचन आणि हृदयाच्या आवरणातील द्रव मात्र दिसतो. शस्त्रक्रिया करावी की म्हशीला अधिक यातना देऊ नयेत, हा निर्णय बऱ्याचदा त्यावरच ठरतो.

कायद्याकडे वळायचे तर 1970 च्या दशकापासून सुरुवात करावी लागते. तेव्हा गर्भजल तपासणीचा वापर लिंगनिवडीसाठी होऊ लागला. महाराष्ट्राने 1988 मध्ये राज्यापुरता कायदा केला. केंद्राचा कायदा 1994 मध्ये संमत होऊन 1 जानेवारी 1996 पासून लागू झाला. त्यात जन्मजात व्यंग, गुणसूत्रांतील दोष, रक्ताचे आनुवंशिक आजार यांच्या तपासणीला मुभा होती. बंदी होती ती लिंग सांगण्यावर. कायदा असूनही मुलींची संख्या घसरत राहिल्याने फेब्रुवारी 2003 पासून कडक दुरुस्ती लागू झाली. तिच्यातील कलम 3-ब मध्ये वादाचे मूळ आहे. गर्भाचे लिंग ओळखू शकणारे कोणतेही यंत्र नोंदणी नसलेल्या केंद्राला ‘अथवा अन्य कोणत्याही व्यक्तीला’ विकता येणार नाही, असे ते कलम सांगते. बंधन वापराच्या हेतूवर न येता यंत्राच्या क्षमतेवर आले, आणि ‘अन्य कोणत्याही व्यक्ती’मध्ये पशुवैद्यकही आला.

नोंदणीचे निकष मात्र स्त्रीरोगतज्ज्ञ, क्षकिरणतज्ज्ञ किंवा ठरावीक प्रशिक्षण घेतलेला एमबीबीएस डॉक्टर गृहीत धरतात. त्यांत पशुवैद्यक बसत नाही. 2012 च्या नियमांनी पेच आणखी वाढवला. सहज नेता येणारे यंत्र नोंदणीकृत आवारात दाखल रुग्णांसाठी किंवा इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या पथकातच वापरावे, असे त्यांनी ठरवले. माणसांच्या बाबतीत हे आवश्यकच होते, कारण मोटारीतून गावोगाव फिरणारी यंत्रेच सर्वांत घातक ठरली होती. पण तिसऱ्या वेतातली जड म्हैस ग्वाल्हेरजवळच्या मुरारमधील गोठ्यातून दवाखान्यात कशी न्यायची? तिथे यंत्रच गोठ्यात जाते. पशुवैद्यक खांद्यापर्यंत हातमोजा चढवून एका हाताने प्रोब (ध्वनिलहरी सोडणारा, यंत्राला जोडलेला भाग) धरतो आणि उजेडात चित्र पुसट होते म्हणून गोठ्याचा मालक पडद्यावर पोत्याचा आडोसा करतो.

जनावरांचा प्रोब वेगळा असतो, म्हणून तो पूर्ण वगळावा, हा युक्तिवाद पुरेसा नाही. सरळ पट्टीसारखा तो प्रोब पोटावर टेकवला तर स्त्रीचा गर्भही दिसतो. सुरुवातीच्या काळात प्रसूतिपूर्व तपासणीही तशाच प्रोबने होत असे. शिवाय गायीम्हशींत साधारण दोन महिन्यांच्या गर्भाचे लिंग ओळखण्याचे कौशल्य याच यंत्रावर शिकता येते आणि तिथे मालकाला हवी असते ती पारडी. ज्या अंगणात पारडीसाठी पेढे वाटले जातात त्याच घरात मुलगी नको असते, हे या जिल्ह्याचे कटू वास्तव आहे; म्हणून सरसकट सूट इथे तरी परवडणारी नाही.

चूक निर्बंध घालण्यात झाली नाही, जनावरांसाठी वेगळी वाट न आखण्यात झाली. पशुसंवर्धनाच्या अंगाने स्वतंत्र नोंदणी, प्रत्येक यंत्राचा आणि प्रोबचा क्रमांक, जनावराच्या कानातील बिल्ल्याशी जोडलेली तपासणीची नोंद आणि यंत्राचा ठावठिकाणा कळवणारे उपकरण एवढे 2003 नंतर लगेच ठरवता आले असते. आता मोबाइलला जोडून चालणारे, खिशात मावणारे प्रोब आले आहेत. त्यांतून माणसाचे यंत्र कोणते आणि गुरांचे कोणते हे ओळखणे तपासणी अधिकाऱ्याला अधिकच कठीण जाते. ती नोंदणी आजही सुरू करता येईल, फक्त तेव्हापेक्षा बऱ्याच अधिक यंत्रांचा हिशेब लावावा लागेल.